ठिपक्यांचा ठराव

बँकेतल्या कारकुनाला आयुष्यात निर्णय असा घ्यावाच लागत नाही. निर्णय वरून येतात, सर्क्युलरच्या रूपाने येतात, आणि ते नीट वाचून होईपर्यंत त्यांना रद्द करणारे दुसरे सर्क्युलर येते. माझी बावीस वर्षे अशी सुखात गेली. जेवणाच्या सुट्टीत आपला डबा आधी उघडावा की शेजाऱ्याच्या डब्यात काय आहे ते आधी बघावे, एवढाच काय तो स्वतंत्र विचार मी आजवर केलेला आहे. म्हणून २०२४ सालच्या मे महिन्यात चिरंजीव समोर उभे राहून म्हणाले, "बाबा, रिझोल्यूशन ठरवायचंय," तेव्हा मी निर्धास्तपणे "ठरवू की" म्हणून मोकळा झालो.

तुम्हांला सांगतो, यात माझा दोष नाही. मी बी.कॉम. आहे. बी.कॉम. माणसाला रिझोल्यूशन म्हणजे ठराव, एवढेच ठाऊक. कंपनीने बँकेत खाते उघडायचे म्हणजे बोर्डाचे रिझोल्यूशन लागते. कंपनी कायद्यात ठरावाच्या दोन जाती सांगितल्या आहेत : साधा आणि विशेष. साध्याला नुसते बहुमत पुरते. विशेष ठरावाला मात्र बाजूची मते विरुद्ध मतांच्या निदान तिप्पट लागतात. आमच्या घरात मते चार. सौ., चिरंजीव, आमचे अप्पा आणि मी. त्यामुळे घरातला कुठलाही विशेष ठराव तीन विरुद्ध एक असा मंजूर होतो, आणि तो एक कोण असतो हे सुज्ञ वाचकांना सांगायला नको.

चिरंजीवांचे रिझोल्यूशन निराळे निघाले. बारावीत पंच्याऐंशी टक्के मिळाले तर खेळायचा संगणक घेऊन देईन, असे वचन मी त्यांना अकरावीत दिले होते. दिले तेव्हा ते संपूर्ण सुरक्षित वचन होते. त्यांना शहाऐंशी मिळाले. त्यात आमच्या बाराव्या द्विपक्षीय करारावर ८ मार्च २०२४ ला सह्या झाल्या, पगारवाढ १ नोव्हेंबर २०२२ पासून लागू झाली आणि तेवढ्या महिन्यांची थकबाकी एकरकमी हाती आली. थकबाकी आली ही बातमी बँकेत मला कळायच्या आत एडवणला सौ.ला कळलेली होती. यंत्राचा डबा आणि त्यातले ते ग्राफिक्स कार्ड यांत निम्मीअधिक उडाली. शिल्लक राहिले पंचेचाळीस हजार. आता मॉनिटर घ्यायचा, आणि त्याचे रिझोल्यूशन ठरवायचे.

"म्हणजे पडद्यावर ठिपके किती, ते," चिरंजीवांनी खुलासा केला. "१०८० मध्ये आडवे १९२० आणि उभे १०८०. १४४० मध्ये २५६० आणि १४४०. आणि ४के मध्ये ३८४० आणि २१६०."

मला काही कळले नाही. सौ. मात्र पोळी लाटता लाटता म्हणाली, "ठिपक्यांची रांगोळी रे ती. सात ठिपके सात ओळी घातल्या तर कमळ चौकोनी येतं, एकवीस ठिपके एकवीस ओळी घातल्या की पाकळी कशी गोल वळते." एवढे बोलून ती पोळी उलटायला वळली. जे मला समजून घ्यायला पुढे तीन आठवडे लागले, ते तिचे एका पोळीत आटोपले होते.

पण मी कारकून. आकडे दिसले की बेरीज-गुणाकार केल्याशिवाय माझ्या जिवाला चैन पडत नाही. मी पासबुकाच्या मागच्या पानावर गुणाकार मांडले. १०८० चे एकूण ठिपके वीस लाख त्र्याहत्तर हजार सहाशे. १४४० चे छत्तीस लाख शहाऐंशी हजार चारशे. ४के चे ब्याऐंशी लाख चौऱ्याण्णव हजार चारशे, म्हणजे १०८० च्या बरोब्बर चौपट, एक ठिपका इकडे नाही की तिकडे नाही. असा ताळा जमला की मला भरून येते. पण त्याच वेळी एक गोष्ट खटकली. ३८४० ला चार हजार कसे म्हणतात? एकशे साठ कमी आहेत! आमच्या काउंटरवर एकशे साठ कमी निघाले तर रात्री आठपर्यंत बसून शोधावे लागतात, नाहीतर खिशातून भरावे लागतात. आणि १०८० हा आकडा उभ्या ठिपक्यांचा, तर ४के हा आडव्या ठिपक्यांचा! म्हणजे निम्मा हिशेब जमेच्या रकान्यातून उचलायचा आणि निम्मा नावेच्या. दुकानदार तर २५६० ला '२के' म्हणतात, म्हणजे तिथे पाचशे साठ गडप. या धंद्यात एकदा ऑडिट व्हायला पाहिजे, असे मी म्हणालो. चिरंजीवांनी माझ्याकडे बघून दीर्घ श्वास घेतला. हा श्वास ते अलीकडे फार घेतात.

माझ्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता. १९८७ साली 'रामायण' सुरू झाले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि आमच्या आळीत टीव्ही एक होता. देशात रंगीत टीव्ही येऊन पाच वर्षे झाली होती, पण आमच्याकडे राम, रावण आणि मारुती तिघेही करड्याच रंगाचे होते. रविवारी सकाळी साठ-सत्तर माणसे त्या पडद्यासमोर बसत. एक मुलगा कौलांवर चढून अँटेना वरळीच्या मनोऱ्याच्या दिशेने धरून उभा राही, आणि खालून "आला, आला, गेला, डावीकडे, अरे समुद्राकडे नको!" अशी आरती चाले. पडद्यावर मुंग्या आल्या तरी कोणी तक्रार करीत नसे. वानरसेनेत त्या खपून जात. त्या चित्राला ६२५ रेषा असत आणि त्यांतल्या ५७६ च दिसण्याच्या कामी येत, हे मला चिरंजीवांनी आता सांगितले. आम्हांला तर सत्तर माणसांमागून दिसलेले एक धनुष्यही पुष्कळ होते.

पुढे कॅसेट घालून खेळायचे व्हिडिओ गेम आले. त्या चित्रात आडवे ठिपके २५६ आणि उभे २४०. त्या साठेक हजार ठिपक्यांत एक मिशीवाला प्लंबर अख्खी राजकन्या सोडवून आणीत असे. हे मी चिरंजीवांना ऐकवले. "आता एवढे लाख ठिपके कशाला?" त्यांनी पुन्हा श्वास घेतला.

खरी भानगड ठिपक्यांची नव्हतीच, ती कार्डाची होती. हे जे ग्राफिक्स कार्ड असते, ते म्हणजे आमच्या शाखेतला एकुलता एक कारकून समजा. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका कोणत्या रंगाचा, ही नोंद त्याने करायची. आणि ती एकदा करून भागत नाही. चिरंजीवांना सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलायला हवे. म्हणजे १४४० च्या पडद्यावर सेकंदाला त्रेपन्न कोटी आठ लाख एक्केचाळीस हजार सहाशे नोंदी! मी गुणाकार दोनदा तपासला. मला दिवसाला दीडशे व्हाउचरे झाली की चक्कर येते. कार्डाने भागवायचे कसे? एक तर खेळातली सावल्या, गवत, धुके अशी चैन कमी करायची. नाही तर ठिपके कमी घ्यायचे. नाही तर वेग कमी करायचा. गोळीबाराचे सामने खेळणारे पट्टीचे पुष्कळ खेळाडू म्हणे मुद्दामच चोवीस इंची १०८० वर खेळतात. त्यांना देखावा नको असतो, वेग हवा असतो. आणखी एक युक्तीही आता निघाली आहे. कार्ड थोड्या ठिपक्यांत चित्र काढते आणि मधले ठिपके अंदाजाने भरून ते मोठे करून दाखवते. चिरंजीव हे फार कौतुकाने सांगत होते. मी मात्र हादरलो. आमच्याकडे एकाने मधल्या नोंदी अंदाजाने भरल्या होत्या, त्याची चौकशी अजून चालू आहे.

शेवटी मुंबईला जाऊन प्रत्यक्ष बघायचे ठरले. एडवणहून रिक्षाने सफाळे, सफाळ्याहून डहाणूची लोकल पकडून विरार, तिथून धीम्या गाडीने ग्रँट रोड, आणि तिथून पायी लॅमिंग्टन रोड. (त्या रस्त्याला डॉ. भडकमकरांचे नाव देऊन किती वर्षे झाली, तरी तिथला माणूस पत्ता लॅमिंग्टनचाच सांगतो.) दुकानदाराने तीन मॉनिटर शेजारी शेजारी लावले आणि तिन्हींवर एकच जंगल दाखवले. चोवीस इंची १०८०, अकरा हजार. सत्तावीस इंची १४४०, बावीस हजार. सत्तावीस इंची ४के, बेचाळीस हजार.

"बघा काका, फरक बघा."

मी बघितले. तीन जंगले. तिन्ही हिरवी.

"झाडाची साल बघा, बाबा," चिरंजीव कुजबुजले.

मी सालीकडे बघितले. मग दुकानदाराकडे बघितले. तो अपेक्षेने माझ्याकडे बघत होता. लग्नात दागिने दाखवल्यावर बायका ज्या चेहऱ्याने बघतात तसा. मी "वा!" म्हणालो. चुकून ते १०८० ला उद्देशून म्हणालो.

चिरंजीवांच्या लक्षात आले. त्यांनी मला खांद्याला धरून हळूहळू मागे नेले, एक पाऊल, दोन पावले, पार समोरच्या दुकानाच्या पायरीपर्यंत. तिथून मला पाने दिसायला लागली. "बाबा, तुम्हाला जवळचं दिसत नाहीये. तुमचं वय काय?" माझे वय शेहेचाळीस. बँकेत मी वर्षभर संगणकाचा पडदा टेबलाच्या मागच्या कडेला का ढकलत होतो आणि सफाई करणाऱ्या बाई तो रोज पुढे का ओढत होत्या, याचा उलगडा मला ग्रँट रोडला झाला.

तेव्हा मॉनिटर न घेताच आम्ही परतलो. पण येताना गाडीत चिरंजीवांनी मला एक फार सुंदर गणित सांगितले. निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा ओळखू येतो. त्याहून बारीक ठिपका सुटा दिसत नाही, शेजाऱ्यात मिसळून जातो. म्हणजे ठिपका लहान असून उपयोग किती, हे आपण पडद्यापासून किती लांब बसतो त्यावर ठरते. विरार ते सफाळे मी वर्तमानपत्राच्या समासात हे गणित सोडवले. चोवीस इंची १०८० चे ठिपके साधारण पंच्याण्णव सेंटिमीटरवरून दिसेनासे होतात. सत्तावीस इंची १४४० चे ऐंशी सेंटिमीटरवरून. सत्तावीस इंची ४के चे त्रेपन्नवरून. म्हणजे नाक पडद्याला लावून बसणार असाल तर ४के. हातभर मागे सरकलात की १४४०. आणि आणखी थोडे सरकलात की १०८०, आणि एकतीस हजार रुपये शिल्लक! घरी येताच मी हे सौ.ला मोठ्या उत्साहाने समजावून दिले.

"म्हणजे लांब बसलं की स्वस्तातलं चालतं, हेच ना?" ती म्हणाली. "मग गाडीभाडं खर्च करून मुंबईला कशाला गेलात?"

जून लागला. पावसाच्या दोन सरींमधल्या उघडिपीत आमचे अप्पा समुद्रावर जाऊन बसतात. सुरूच्या झाडांशी त्यांचा एक ठरलेला ओंडका आहे. पानवेलीच्या वाडीत त्यांनी आयुष्य काढले, होडीत पाय ठेवला की त्यांना मळमळते; पण बोट ओळखावी ती अप्पांनीच. क्षितिजावर नुसता ठिपका दिसला की ती सातपाटीची की दातिवऱ्याची, आणि दातिवऱ्याची असेल तर कुणाची, हे ते सांगत. यावर पूर्वी चहाच्या पैजा लागत, आणि अप्पांनी कधी चहाचे पैसे दिल्याचे मला आठवत नाही. अलीकडे नातू संध्याकाळी त्यांच्याबरोबर जाऊ लागला होता. मला वाटले, मॉनिटरसाठी आजोबांचे मत फोडायचे चालले असेल. मत चौथे, पण मत ते मतच.

त्या दिवशी रविवार होता, म्हणून मीही गेलो. अप्पा समुद्राकडे बघत म्हणाले, "ती बघ, दातिवऱ्याची परत आली. आज लवकर फिरली."

मी बघितले. समुद्रावर काहीही नव्हते. असणारच कसे? त्या वर्षी १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद होती. सगळ्या बोटी वर ओढून ताडपत्रीखाली झोपल्या होत्या. अप्पा ज्या दिशेने बघत होते तिथे ओल्या वाळूवर एक काळे कुत्रे उभे होते.

"हो, आजोबा," चिरंजीव म्हणाले. "दातिवऱ्याचीच."

कुत्रे उठून चालायला लागले. "वळली," अप्पा म्हणाले.

परत येताना अप्पा पुढे आणि आम्ही दोघे मागे. चिरंजीव खालच्या आवाजात म्हणाले, "बाबा, आजोबांचं रिझोल्यूशन गेलंय. वर्षभर झालं. ते विचारतात, कुठली रे ती, मी सांगतो, मग ते म्हणतात, मला वाटलंच. आज मी सांगायच्या आधी बोलले."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"त्यांनी सांगू नको म्हटलं होतं. थकबाकी संगणकात जाणार आहे, आत्ता मधे नवीन काही काढू नको म्हणाले."

मी एरवी फार बोलणारा माणूस आहे. त्या दिवशी घर येईपर्यंत मला चिखलात चपला सांभाळण्याचे फार काम होते.

पालघरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डावा पिकलेला, तो आधी काढायचा. (माझाही नंबर लागला, लांबचा थोडा, जवळचा जास्त, पण त्या दिवशी माझ्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही.) मग डॉक्टरांनी एक तक्ता पुढे केला. तो बघून मला क्षणभर लॅमिंग्टन रोडवरच आल्यासारखे वाटले. लेन्सचे प्रकार! साधी घेतली तर लांबचे स्वच्छ दिसेल, वाचायला चष्मा लागेल, तीस हजार. दुसरी घेतली तर लांबचे आणि जवळचे दोन्ही दिसेल, पंचाहत्तर हजार. "मात्र या दुसरीत," डॉक्टर प्रामाणिकपणे म्हणाले, "काही जणांना रात्री दिव्याभोवती वेटोळी दिसतात."

"ती मला आत्ताच दिसतात," अप्पा म्हणाले. "फुकट दिसतात. त्याला पंचाहत्तर हजार कशाला?"

"पण अप्पा, वाचायला चष्मा लावावा लागेल," मी म्हणालो.

"मग लावीन की. लांबचं द्या मला, डॉक्टर. जवळची माणसं आवाजावरून कळतात."

त्या रात्री घरी सभा भरली. अध्यक्ष सौ. शिल्लक पंचेचाळीस हजार. तीस हजार लेन्सचे. उरले पंधरा. मी तोंड उघडणार, इतक्यात चिरंजीव म्हणाले, "बाबा, मी विचार केला. १०८० पुरे. पट्टीचे खेळाडूसुद्धा त्याच्यावरच खेळतात. कार्डावर ताण नाही. शिवाय लांब बसलं की फरक कळत नाही, तुम्हीच गणित केलंत ना." आणि त्यांनी माझेच समासातले आकडे मला वाचून दाखवले : पंच्याण्णव सेंटिमीटर.

मला आयुष्यात प्रथमच माझ्या गणिताचा राग आला. काय आहे, मी या मुलाला ओळखतो. लहानपणी जत्रेत याला मोठा फुगा हवा असला की हा लहान फुग्याचे गुण सांगायला लागे. फुगा लवकर फुटत नाही, हातात मावतो, वगैरे. आशापुरीच्या देवळाबाहेर उभा राहून याने मला लहान फुग्यावर पंधरा मिनिटे व्याख्यान दिले होते, आणि डोळे सगळा वेळ मोठ्यावर होते.

"तुझं टेबल भिंतीला लागून आहे," मी म्हणालो. "खुर्ची आणि कपाट यांत अंतर किती?"

चिरंजीवांनी पट्टी आणली. खुर्ची पार कपाटाला टेकवून बसले तरी डोळे ते पडदा ब्याऐंशी सेंटिमीटर भरत होते. पंच्याण्णव होण्यासाठी कपाट फोडावे लागले असते, आणि त्यात सौ.च्या साड्या आहेत. ऐंशीला मात्र १४४० नेमका बसतो. मी हा मुद्दा सभेपुढे मांडला. ४के त्या अंतरावर वाया जातो, १०८० चे ठिपके दिसतात, सबब १४४०. तूट सात हजारांची. ती भागवायला मी सणाची उचल घेईन, असे निवेदन केले. आयकर खात्याच्या हिशेबात संगणकाला वर्षाला चाळीस टक्के घसारा धरतात, म्हणजे आपण जे घेतोय ते डोळ्यांदेखत निम्म्यावर येणार, हेही मी प्रामाणिकपणे नोंदवले. डोळ्याच्या लेन्सला घसारा किती, असे अप्पांनी विचारले. मी म्हणालो, ती आयुष्यभर टिकते. "मग तिच्यात चार हप्ते जास्त घाला," अप्पा म्हणाले, आणि झोपायला गेले. ठराव चार विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. आमच्या घरच्या इतिहासात असे पूर्वी घडलेले नाही. कपाटामुळे घडले.

शस्त्रक्रियेला वीस मिनिटेही लागली नाहीत. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, आणि घरात एक नवा ऑडिटर आला. अप्पांनी पहिल्याच सकाळी भिंतीचे पोपडे मोजले. पंख्याच्या पात्यांवरचे जाळे दाखवले. सौ.ला म्हणाले, "ही साडी निळी आहे होय? मला वाटलं हिरवट." पिकलेल्या मोतीबिंदूतून सगळे पिवळट दिसते, तो निघाला की निळा रंग एकदम उजळतो, असे डॉक्टरांनी सांगितले होतेच. अप्पा दिवसभर निळे काय काय आहे ते शोधत हिंडत होते. बादली, कॅलेंडरमधला कृष्ण, शेजाऱ्यांचे फाटक. शेवटी माझ्यासमोर येऊन थांबले. बराच वेळ बघत राहिले.

"केव्हा रे म्हातारा झालास?" ते म्हणाले. "मला कुणी बोललं नाही."

मॉनिटर जुलैच्या अखेरीस आला. मी नवा चष्मा लावून समोर बसलो आणि जंगलातल्या झाडाची साल मला दिसली. खरोखर साल होती! मुंग्यासुद्धा असाव्यात. चिरंजीवांनी मग चाच्यांचा एक खेळ लावला. सत्तावीस इंच भरून समुद्र. लाट उचलायची, तिच्या पोटातून ऊन दिसायचे, फेस फुटायचा. त्रेपन्न कोटी नोंदी सेकंदाला, आणि एकही चुकत नव्हती. सौ. पदराला हात पुसत दारात उभी राहिली. अप्पा खुर्ची ओढून नातवाशेजारी बसले. मान तिरकी करून डावा डोळा पुढे केला.

"भरती आहे की ओहोटी?"

"खेळात ते बघायला लागत नाही, आजोबा."

"वारा कुठला?"

"वारा आहे. तो शिडावर कळतो."

"मग शीड असं का धरलंय त्यानं? आणि एवढ्या लाटेत तो माणूस उभा कसा? मला इथं बसून मळमळायला लागलंय." अप्पा थोडा वेळ गप्प बसले. "पाणी मात्र खरं आहे. पाण्याला नाव ठेवायला जागा नाही. ती मागं बारकी दिसते ती कुठली?"

चिरंजीवांनी कळा दाबून ती मागची बोट जवळ आणायचा प्रयत्न केला, तेवढ्यात लाईट गेली. तारापूरचे अणुवीज केंद्र आमच्याच जिल्ह्यात आहे, आणि तिथली वीज १९६९ पासून देशभर जाते, बहुधा म्हणूनच ती आमच्याकडे मुक्कामाला थांबत नाही. कार्ड, मॉनिटर, समुद्र, सगळे एका क्षणात काळे झाले. यूपीएस घ्यायला हवा होता, हे वाक्य दुकानदार बोलला होता आणि मी ते अंदाजपत्रकात बसत नाही म्हणून ऐकले नव्हते.

"चला," अप्पा म्हणाले.

आम्ही तिघे समुद्रावर गेलो. बंदी उठून तीनच दिवस झाले होते. ढग होते, पण पश्चिमेला एक फट होती आणि तिच्यातून उजेड पाण्यावर पडला होता. अप्पा ओंडक्यावर बसले, हात कपाळाला लावला, आणि दूरवर बोट दाखवले.

"सातपाटी," ते म्हणाले. "तिच्या मागची दातिवऱ्याची. ती तिसरी अजून वर यायचीय, थांबा जरा. हं. तीही सातपाटीच."

चिरंजीवांनी मोबाईल काढला, कॅमेरा जेवढा पुढे नेता येईल तेवढा नेला आणि हात स्थिर ठेवायला माझ्या खांद्यावर कोपर टेकवले. बराच वेळ बघत राहिले.

"बरोबर आहे, आजोबा."

अप्पांनी माझ्याकडे बघितले. माझा चष्मा घरी मॉनिटरसमोर राहिला होता.

"बरोबर," मी म्हणालो.